घोड्याचा पोटशूळ: गोव्यातल्या घोडेमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात घोडे थोडे. शिगम्यात घोडेमोडणीला नाचवतात ते लाकडी, आणि जिवंत घोडे एखाद्या तबेल्यात दोन-चार. त्यामुळे घोड्यांवर रोजचा हात असलेले डॉक्टरही कमी, आणि पोटाचं ऑपरेशन करायचं तर घाट ओलांडावा लागतो. म्हणून शूळ उठल्यावर पहिल्या तासात तबेल्यातला माणूस काय करतो, यावर इथे फार अवलंबून असतं. ही माहिती त्या तासासाठी आहे.

पोटशूळ हा एकच आजार आहे का?

नाही. पोटात दुखतंय, एवढाच या शब्दाचा अर्थ. वायू धरला, आतड्याला पेटके आले, सुका चारा अडकून गोळा बसला, वाळू साचली, जंतांनी आतडं बिघडवलं किंवा आतडं जागेवरून सरकून पिळलं, तरी बाहेरून घोडा जवळजवळ सारखाच दिसतो. घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं परत वर येत नाही. जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं. पुढची वाट बंद झाली की ते फुगतं आणि शेवटी फाटतं. मोठ्या आतड्याचं दुखणं वेगळं: ते दुमडून बसलेलं असतं आणि ओटीपोटाजवळच्या वळणावर एकदम अरुंद होतं. कोरड्या चाऱ्याचा गोळा बहुतेक वेळा तिथेच बसतो.

घोडा सारखा कुशीकडे वळून बघतोय. हा शूळच का?

असू शकतो. सुरुवातीची लक्षणं बारीक असतात. चंदी, म्हणजे दाण्याचं खाद्य, समोर असून तोंड लावत नाही, वरचा ओठ मुडपतो, पुढच्या पायानं जमीन उकरतो, मागच्या पायानं पोटाला लाथ मारतो, लघवीला उभं राहिल्यासारखा ताणून उभा राहतो पण लघवी करत नाही. मग बसतो, उठतो, पुन्हा बसतो. दुखणं वाढलं की लोळतो.

लीद मोजायची सवय असेल तर शूळ लवकर कळतो. धडधाकट घोडा दिवसातून साधारण 8 ते 12 वेळा लीद टाकतो. सकाळी झाडताना दोनच ढीग सापडले, गोळे लहान, कडक आणि वरून चिकट आवरणाचे असतील, तर घोडा अजून हसतखेळत असला तरी त्या दिवशी चंदी थांबवून लक्ष ठेवायचं.

इथल्या दमट हवेत एक गोष्ट फसवते. काही घोड्यांना घाम येणंच बंद होतं. असा घोडा शूळात भिजत नाही, नुसता धापा टाकतो. घाम नाही म्हणजे दुखणं हलकं, असं धरू नका.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं?

आधी गव्हाण रिकामी करा. गवत, चंदी, खाली अंथरलेला पेंढासुद्धा काढा, कारण दुखणं थोडं कमी झालं की घोडा तोच खायला लागतो. पाणी थोडं ठेवायला हरकत नाही, पण नाकातून पाणी किंवा चारा येत असेल तर तेही काढून घ्या. मग नाडी, श्वास आणि ताप मोजा, हिरड्या बघा, पोटाला कान लावा, आणि वेळेसकट सगळं लिहून ठेवा. त्यानंतर डॉक्टरांना फोन. "घोडा बरा नाही" एवढं सांगून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. "रात्री आठपासून लीद नाही, नाडी 52, उजव्या कुशीत आवाज नाही, दोनदा लोळला" असं सांगितलं की काय घेऊन निघायचं ते त्यांना कळतं. घोडा जमिनीवर आपटत असेल तर मात्र मोजत बसू नका, आधी फोन करा.

नाडी कुठे आणि कशी मोजायची?

जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवर, गालाचा जाड स्नायू जिथून सुरू होतो त्याच्या किंचित पुढे, बोटाखाली सुतळीसारखी शीर सरकते. अंगठा वापरू नका. दोन बोटांनी ती हाडावर हलकी दाबा, 15 सेकंद ठोके मोजा आणि 4 नं गुणा. स्टेथोस्कोप असेल तर डाव्या कोपराच्या मागे आत सरकवून ऐका. तिथे "लब-डब" मिळून एक ठोका.

मोठ्या घोड्याची स्वस्थ नाडी मिनिटाला 28 ते 44. श्वास 8 ते 16. गुदद्वारातला ताप 37.2 ते 38.3 अंश सेल्सियस. शिंगराची नाडी मुळातच बरीच जास्त असते, त्याला हे आकडे लावू नका. घोडा शांत उभा असताना नाडी 60 च्या वर टिकून राहिली तर प्रकरण गंभीर आहे. 80 च्या वर गेली तर जिवावरचं. दर अर्ध्या तासानं पुन्हा मोजा. 44, 52, 64 अशी चढती रांग कुठल्याही एका आकड्यापेक्षा जास्त सांगते.

हिरड्यांवरून काय कळतं?

वरचा ओठ उचलून दाताच्या वरच्या हिरडीवर अंगठा दाबा आणि सोडा. तिथे पांढरा ठसा उमटतो. तो 2 सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. 3 सेकंदांवर गेला तर रक्ताभिसरण ढासळतंय. हिरडी ओलसर, फिकट गुलाबी असावी. कोरडी आणि चिकट लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. विटेसारखी लाल, जांभळट, किंवा दातांच्या कडेनं निळसर-जांभळी रेघ दिसली तर आतड्यातलं विष रक्तात उतरलंय. ही रेघ दिसली की वाट बघायची नाही. हे सगळं आधी घोडा बरा असताना आठ-दहा दिवस करून बघा, म्हणजे तुमच्या घोड्याचा नेहमीचा रंग डोळ्यांत बसतो.

पोटाचे आवाज दोन्ही कुशींत, वर आणि खाली असे चार ठिकाणी, प्रत्येकी एक मिनिट ऐका. गुरगुर आणि खळखळ हवी. आवाज वाढलेला असेल तर बहुधा पेटके. सगळीकडे चिडीचूप असेल तर काळजी मोठी.

घोड्याला फिरवत राहायचं ना? लोळला तर आतडं पिळतं म्हणतात.

लोळल्यानं आतडं पिळतं, ही समजूत उलटी आहे. बहुतेक वेळा आतडं आधी पिळलेलं असतं आणि त्या वेदनेनं घोडा लोळतो. लोळण्याचा खरा धोका म्हणजे भिंतीवर आपटून तो स्वतःला आणि तुम्हाला जखमी करतो. 10 ते 15 मिनिटं सावकाश चालवणं वायूच्या दुखण्यात उपयोगी पडतं, लक्षही दुसरीकडे जातं. पण मे महिन्याच्या उन्हात तीन-तीन तास ओढत नेलेला घोडा डॉक्टर येईपर्यंत पाणी आणि ताकद दोन्ही गमावून बसतो. शांत पडून असेल तर पडू द्या. धावडवणं, चाबूक, पाठीवर बसणं, यांतलं काहीही नको.

जवळ जाताना स्वतःला कसं सांभाळायचं?

शूळातला घोडा ओळखीच्या मोतद्दारालाही ओळखत नाही. तो मुद्दाम मारत नाही, अंगाखाली कोण आहे याचं त्याला भानच नसतं. डोक्यावर हेल्मेट आणि पायात बूट घाला. चप्पल घालून जाऊ नका. दोर किमान 3 मीटरचा घ्या आणि हाताला गुंडाळू नका. नेहमी खांद्याजवळ उभे राहा. घोडा आणि भिंत यांच्या मधे कधीही नाही. गुडघे वाकायला लागले की बाजूला व्हा, त्याला धरून उभा ठेवायचा प्रयत्न करू नका. तपासताना वाकून उभे राहा, खाली बसू नका. मुलं आणि कुत्री बाहेर.

आपल्याकडच्या तबेल्यांच्या भिंती बहुधा उघड्या चिऱ्याच्या. खरखरीत चिऱ्यावर डोळा आणि ढुंगणाचं हाड सोलून निघतं. शक्य असेल तर घोड्याला मऊ मातीच्या मोकळ्या जागेत आणा. लोळताना भिंतीला पाय लावून तो अडकला तर पायांच्या बाजूनं जाऊ नका. दार उघडं ठेवा, पाठीच्या बाजूनं उभं राहून भिंतीकडच्या दोन पायांत लांब दोर अडकवा आणि दोघांनी मिळून त्याला आपल्याकडे पालथा करा. पाय वळले की लगेच दोर सोडून मागे हटा, कारण पुढच्या क्षणी तो उठतो.

बाटलीनं एरंडेल, हिंगाचं पाणी किंवा ताक पाजू का?

नाही. शूळात केली जाणारी ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. डोकं वर करून तोंडात ओतलेलं तेल घशातून श्वासनळीत उतरतं. तेलानं खोकलासुद्धा नीट येत नाही, ते गुपचूप फुप्फुसात जाऊन बसतं. पोट बरं होतं आणि पाच दिवसांनी घोडा न्यूमोनियानं जातो. तेल किंवा औषधाचं पाणी द्यायचंच तर ते डॉक्टर नाकातून जठरात नळी घालून देतात, तेही जठर आधीच भरलेलं नाही याची खात्री करून. गुरांचं पोट फुगल्यावर कुशीत सुई खुपसतात, तो प्रयोग घोड्यावर करू नका. गाईचं पहिलं पोट त्या जागी असतं, घोड्याला ते नसतंच.

दुखणं थांबवायचं इंजेक्शन घरात आहे. देऊ का?

डॉक्टरांशी फोनवर बोलून, नाडी लिहून ठेवल्यावरच. शूळात फ्लुनिक्झिन मेग्लुमिन वापरतात. मात्रा किलोमागे 1.1 मिलीग्रॅम, परिणाम 8 ते 12 तास. वजन अंदाजानं धरू नका. कोपराच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून नितंबाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 165 आणि लांबी 150 असेल तर वजन सुमारे 344 किलो येतं. मात्रा झाली 378 मिलीग्रॅम, म्हणजे मिलीलिटरला 50 मिलीग्रॅमच्या बाटलीतून 7.6 मिलीलिटर.

हे औषध शिरेतच द्यायचं असतं. मांसात टोचलं तर तिथे सडवणारे जंतू वाढून स्नायू कुजू शकतो, आणि त्यानं घोडे दगावतात. मानेतली शीर शोधताना शेजारची धमनी लागली तर घोडा जागेवर झटका येऊन कोसळतो. हात बसलेला नसेल तर डॉक्टरांनाच देऊ द्या. आणि पहिल्या मात्रेचा असर ओसरायच्या आत दुखणं परत आलं, तर दुसरी मात्रा द्यायची वेळ आलेली नाही, घोडा ऑपरेशनसाठी हलवायची वेळ आली आहे. औषधावर औषध चढवलं की वेदना झाकली जाते, आतडं मरतच असतं, शिवाय मूत्रपिंडं आणि जठर बिघडतं ते वेगळं.

गुरांसाठी कुठे पडलेली डायक्लोफिनॅकची बाटली काढू नका. गिधाडांच्या नाशामुळे जनावरांसाठी ते औषध भारतात 2006 पासून बंद आहे.

डॉक्टर आल्यावर काय करतात?

नळी घालतात. नळीतून 2 लिटरपेक्षा जास्त पाणी उलटं आलं तर छोट्या आतड्यात अडथळा असण्याचा संशय येतो, आणि त्याच नळीनं जठर हलकं होऊन घोड्याचा जीव वाचतो. मग गुदद्वारातून हात घालून गोळा, फुगवटा किंवा सरकलेलं आतडं चाचपतात. गरज पडली तर पोटातलं पाणी सुईनं काढून बघतात. लालसर आणि गढूळ आलं तर आतडं मरू लागलंय.

चाऱ्याचा गोळा असेल तर नळीनं मीठ-क्षारांचं कोमट पाणी एका वेळी 5 ते 8 लिटर, काही तासांच्या अंतरानं देतात, किंवा 2 ते 4 लिटर लिक्विड पॅराफिन. पॅराफिन लिदीतून बाहेर आलं म्हणजे गोळा सुटला, असं लगेच समजू नका. तेल गोळ्याच्या कडेनं वाट काढून पुढे जाऊ शकतं. पेटक्यांवर हायोसिनचं इंजेक्शन मिळतं. त्यानं नाडी थोडा वेळ आपोआप वाढते, म्हणून नाडी त्याच्या आधी मोजलेली हवी.

ऑपरेशन लागलं तर?

पिळलेलं आतडं औषधानं सुटत नाही. पणजीहून पुणं सुमारे 450 किलोमीटर, मधे घाट, आणि घोडा टेम्पोत उभा. रक्त तुटलेलं आतडं काही तासांत मरतं. म्हणून हलवायचं असेल तर निर्णय पहिल्या दोन-तीन तासांत व्हायला हवा, नळी आणि वेदनाशामक देऊन, शक्यतो डॉक्टर बरोबर घेऊन. पलीकडच्या रुग्णालयाला निघायच्या आधी फोन करा. पैशांचा विचार शूळ उठायच्या आधीच घरात करून ठेवा. नाडी 80 च्या वर, हिरड्या जांभळ्या आणि जोरात लोळणारा घोडा एकदम गप्प होऊन थंड घामात थरथरत उभा राहिला, तर जठर किंवा आतडं फाटलेलं असण्याची शक्यता मोठी. तो बरा होतोय असं समजू नका. तिथे दयामरण हाच शेवटचा उपकार. विमा असेल तर त्याआधी कंपनीला कळवा.

किनाऱ्याजवळच्या घोड्यांना वाळूचा शूळ होतो म्हणतात, तो कसा ओळखायचा?

गवत वाळूवर टाकलं, की प्रत्येक घासाबरोबर चिमूटभर वाळू पोटात जाते. ती जड असल्यानं मोठ्या आतड्याच्या तळाशी बसते, आतली त्वचा घासते, आधी पातळ लीद आणि मग अडथळा. पोटाच्या सर्वांत खालच्या भागाला, छातीच्या हाडाच्या मागे, स्टेथोस्कोप लावून पाच मिनिटं ऐका. वाळू असेल तर किनाऱ्यावर लाट मागे सरताना येते तशी सळसळ ऐकू येते.

लीद तपासायची ती अशी. ढिगाच्या मधले, जमिनीला न लागलेले सहा गोळे पारदर्शक बाटलीत घाला, 1 लिटर पाणी ओता, गोळे पूर्ण फुटेपर्यंत हलवा आणि 20 मिनिटं ठेवा. वरचं पाणी हळूच ओतून तळाचा गाळ बोटांत चोळा. चमचाभरापेक्षा जास्त रवाळ वाळू असेल तर उपाय हवा. काहीच निघालं नाही तरी वाळू नाहीच असं म्हणता येत नाही, ती आत जमून बसलेली असू शकते.

उपाय म्हणजे इसबगोलचा भुसा, किलोमागे 1 ग्रॅम. 350 किलोच्या घोड्याला दिवसाला 350 ग्रॅम, म्हणजे औषधांच्या दुकानातली 100 ग्रॅमची साडेतीन पाकिटं, सलग 7 दिवस, दर महिन्याला. चंदीत कोरडाच मिसळून लगेच द्या. भिजवून ठेवलात तर चिकट गोळा होतो आणि घोडा तोंड फिरवतो. शूळ चालू असताना मात्र तोंडावाटे काहीच नाही. आणि रबरी टोपली किंवा मॅटवर चारा टाकल्याशिवाय इसबगोलचा फायदा टिकत नाही.

इथल्या चाऱ्यात कशाची भीती?

भाताचा पेंढा स्वस्त मिळतो, पण तो कडक आणि निकस. पोट भरायला एकटा पेंढा दिला तर गोळा बसतो. पावसाळ्यात त्याला बुरशी लागते. गठ्ठा फोडल्यावर धूर उडाला किंवा कुबट वास आला तर तो सरळ फेकून द्या, उन्हात वाळवून बुरशीचं विष जात नाही. घाटावरून येणारा चारा पावसात अडकतो आणि एका दिवसात वैरण बदलते, शूळाचं हे इथलं नेहमीचं कारण. पंधरा दिवसांचा जुना साठा ठेवा आणि नवी वैरण 7 ते 10 दिवसांत थोडी थोडी वाढवत बदला. दाणा एका वेळी 2 किलोच्या वर नको.

पोदेराकडचा उरलेला पाव, फणसाची साल, पर्यटकांनी दिलेली बिस्किटं, हे पोटात आंबून वायू धरतं. गुरांचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य तर घोड्याच्या आसपासही ठेवू नका. त्यांतल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याला किलोमागे 2 ते 3 मिलीग्रॅमसुद्धा मारक ठरतं. घाम, अडखळणं, अस्वस्थपणा दिसतो, लोक शूळ समजतात, आणि हृदय बंद पडतं.

पाणी किती?

350 किलोच्या घोड्याला दिवसाला 20 ते 25 लिटर, उकाड्यात आणि कामाच्या दिवशी दुप्पट. उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी घोडा टाळतो, बादली सावलीत ठेवा. रोज 30 ते 50 ग्रॅम साधं मीठ चंदीत घाला.

जंत आणि दात?

लीद तपासूनच जंताचं औषध ठरवा. आयव्हरमेक्टिन फीतकृमींवर चालत नाही, त्यासाठी प्राझिक्वांटेल लागतं. दात 6 ते 12 महिन्यांनी घासून घ्या. नीट न चावलेला चारा मोठ्या आतड्यात अडकतो.

शूळासारखं दिसणारं दुसरं काय असतं?

घोडी गाभण असेल तर वेणा. कामानंतर ताठलेले स्नायू आणि कॉफीच्या रंगाची लघवी. खुरांत आग, म्हणजे खुराच्या आतली दुखरी सूज. आणि रेबीज. गोवा 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, तरी लाळ गळणारा, गिळता न येणारा, विनाकारण चावणारा घोडा शूळाचा समजून त्याच्या तोंडात हात घालू नका.

बरा झाल्यावर खायला कधी?

लीद सुटली, नाडी 44 च्या खाली स्थिरावली, पोटाचे आवाज परतले, की मूठभर ओलं मऊ गवत, दर दोन-तीन तासांनी. दाणा 24 ते 48 तास नाही. पहिली रात्र दर तासाला बघायला कुणीतरी जागं हवं, कारण पहाटे परत उठणारा शूळ नेहमीच लवकर लक्षात येत नाही.

तबेल्यात काय तयार ठेवायचं?

स्टेथोस्कोप, थर्मामीटर, बॅटरी, 3 मीटरचा दोर, हेल्मेट, स्वच्छ बादली, वही आणि पेन. भिंतीवर घोड्याचं वजन, त्याची स्वस्थ नाडी, दोन डॉक्टरांचे नंबर आणि टेम्पोवाल्याचा नंबर. दिवाडीसारख्या बेटावर तबेला असेल तर फेरीबोटीच्या शेवटच्या फेरीची वेळही तिथेच लिहा, आणि संध्याकाळी शंका आली तर ती फेरी सुटायच्या आत डॉक्टरांना बोलवा.